काकूंचे नऊ फोन

ऑफिसातल्या टेबलावरच्या फोनला उजव्या बाजूला बटणांची एक रांग असते. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. लोकांना आकडे माहीत, फार तर आवाज कमी-जास्त करायचं माहीत. बाकीची बटणं शोभेची, अशीच सगळ्यांची समजूत. आता खरं सांगायचं तर सगळी गंमत त्या बटणांतच असते. एकेका बटणाला हवं ते काम शिकवता येतं. हे दाबलं की थेट गोदामाला फोन, ते दाबलं की आपला फोन शेजारच्याकडे वळता, अमक्याच्या बटणाशेजारी लाल दिवा लागला की अमका बोलतोय, उगाच त्याचं डोकं खाऊ नका. पण शिकवणारा कुणीतरी लागतो ना! पाणीखात्याच्या त्या चार मजली ऑफिसात हा शिकवणारा म्हणजे बटणमास्तर. पगारपत्रकावर त्याचं काय नाव होतं ते पगार काढणाऱ्यालाच ठाऊक.

मास्तरला आपल्या कामाची जरा जास्तच ऐट होती. फोन नीट करून दिला की लगेच निघायचा नाही. स्क्रू ड्रायव्हर खिशात घालत तिथेच रेंगाळायचा, कुणीतरी "वा मास्तर" म्हणेपर्यंत. बहुतेक लोक म्हणायचे नाहीत. एक माणूस मात्र न चुकता म्हणायचा, आणि तो म्हणजे तळमजल्यावरचे तक्रारकाका.

काकांचं काम ऐकूनच माणसाला घाम फुटावा. शहरात कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचं पाणी गढूळ, कुठे रस्त्यात पाइप फुटला, की सगळ्यांचा फोन काकांना. एकतीस वर्षं काका लोकांच्या शिव्या खात होते आणि "हो ताई, लिहून घेतलं, हो ताई" म्हणत होते. फोन आला आणि काकांनी उचलला नाही, असं कधी झालं नाही. खिशातला फोन मात्र त्यांनी बाळगला नाही. दिवसभर कानाला एक असतो, आणखी दुसरा कशाला, म्हणून तो घरी कपाटात बंद करून ठेवलेला. मास्तरला वडील नव्हते. दुपारचा डबा तो काकांच्या टेबलावरच खायचा, आणि काका स्वतःच्या डब्यातलं अर्धं न विचारता त्याच्या झाकणात टाकायचे.

काकूंची दृष्टी दोन वर्षांत गेली. आधी डावा डोळा, मग उजवा. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. आता दिसत नाही म्हटल्यावर आकडे कसे दाबणार? मास्तरने ऑफिसातून बाद झालेला एक फोन काकांच्या घरी नेऊन बसवला आणि पहिल्या बटणाला काकांच्या टेबलाचा नंबर शिकवला. बोटाला कळावं म्हणून वर सदऱ्याचं एक बारकं बटण चिकटवलं. रिसीव्हर उचलायचीही गरज नाही. दाबलं की फोन लागला, आणि समोरून कुणी उचललं नाही तर थोड्या वेळाने आपोआप बंद.

"एवढंच?" काकू म्हणाल्या होत्या.

"एवढंच. तुम्हाला दुसऱ्या कुणाला फोन करायचाय का?"

"मेल्या, मला कुणाला करायचाय! हा एक माणूस आवरेना."

मग काय विचारता. दर अर्ध्या तासाला काकूंचा फोन. अहो, मी गॅस बंद केलाय का? अहो, आज वार कोणता? अहो, ही डाव्या हाताला बाटली आहे ती कसली? काका वैतागायचे, पण कौतुकाने वैतागायचे. अडचण एकच होती. काकूंचा फोन तक्रारींच्या रांगेत अडकायचा. आधी अकरा फुटके पाइप, मग काकू. कधी कधी पंधरा-पंधरा मिनिटं त्या तिकडे बटण दाबून बसलेल्या असायच्या.

हे मास्तरला खटकलं, आणि खटकलं की त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागायचा. नवीन यंत्रात सोय होती. काकांच्या फोनला काकूंचा नंबर ओळखायला शिकवता येत होतं. त्या नंबराचा फोन रांग सोडून थेट आत येईल, घंटी वेगळीच वाजेल, आणि वरच्या बटणाचा हिरवा दिवा लागेल. काकांना सांगायचं नाही, एकदम वाजवूनच दाखवायचं, असं त्याने ठरवलं. वाढदिवस नाही, काही नाही, उगाच. प्रेम असलं की माणूस असले उद्योग करतो.

त्या दिवशी सकाळी साडेअकराला तो जिन्याखालच्या फोनच्या खोलीत शिरला. आत यंत्राचं कपाट, रंगीत तारांचे जुडगे आणि भिंतीवर चाचणीचा एक फोन. काकांच्या टेबलावर बसून चाचणी घेणं शक्यच नव्हतं, तिथला फोन दोन मिनिटं रिकामा नसायचा. म्हणून या धंद्यातले सगळे करतात तेच त्याने केलं. काकूंच्या नंबरावरून येणारा फोन, फक्त तेवढाच, त्याने भिंतीवरच्या चाचणीच्या फोनकडे वळवला. मग खिशातल्या फोनवरून काकूंना फोन केला आणि म्हणाला, "काकू, मी ठेवतो, तुम्ही दाबा आता."

भिंतीवरचा फोन वाजला. दोनच सूर, गोड. हिरवा दिवा लागला. मास्तरने उचलला.

"वाजला का रे?"

"वाजला! काय झकास वाजला म्हणून सांगू! आता काकांना वाजण्यावरूनच कळेल की तुम्ही आहात. रांगबिंग काही नाही, थेट आत."

"मग आता कामात होतो ही सबब नाही म्हणायची त्यांना." काकू हसल्या, पण आवाज जरा उतरलेला होता. "आजपासूनच का रे चालू?"

"तासाभरात करतो. दुपारी करून बघा तुम्ही. काका खुर्चीतून उडतील."

आता एकच काम उरलं होतं. भिंतीकडे वळवलेला फोन सोडवून काकांच्या टेबलावर न्यायचा. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून निरोप आला की मोठ्या बाईंचा फोन मेला आहे, आहेस तसा ये. मोठ्या बाई म्हणजे ऑफिसच्या सर्वेसर्वा. मास्तरने खोलीला कुलूप लावलं आणि वर पळाला. वर तीन गावांच्या इंजिनियरांना एकाच वेळी फोनवर घ्यायचं होतं, आणि घेतलं की एक गळायचा. हे नीट करता करता पाच वाजले. बाई "थँक्यू" म्हणाल्या. त्या नादात मास्तर तसाच घरी गेला. खालचं त्याच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं.

दुसऱ्या दिवशी फाटकातच कळलं, काकांची बायको गेली.

मास्तर तसाच उलट पावली काकांच्या घरी गेला. काका भिंतीला टेकून बसले होते. संध्याकाळी घरी आले तर काकू दाराजवळ पडलेल्या, अंग गार. हृदय. डॉक्टर म्हणाले, छातीत दुखायला लागल्यावर तासाभरात कुणी आणलं असतं तर कदाचित. डॉक्टर लोकांनी हे असलं कदाचित कुणाला ऐकवू नये, पण ऐकवतात.

काकांनी मास्तरचा हात धरला तो सोडेचनात. "साधा फोन नाही रे केला तिने. गॅस बंद आहे का म्हणून दहा वेळा करते. आणि काल एकदाही नाही. मी दिवसभर तिथेच होतो रे. जागचा हललो नाही."

मास्तर रडला. बोलला काही नाही, कारण त्याला तोवर काही ठाऊक नव्हतं. पण परत येताना रस्त्यातच त्याला भिंतीवरचा फोन आठवला. ऑफिसात पोचेपर्यंत तो जवळजवळ धावत होता.

भिंतीवरच्या फोनच्या छोट्या पडद्यावर लिहिलेलं होतं, न घेतलेले फोन, नऊ.

नऊच्या नऊ एकाच नंबरावरून. पहिला दोन वाजून बारा मिनिटांनी. शेवटचा दोन सत्तेचाळीसला. काका तिथून वीस पावलांवर बसले होते. मधे एक भिंत, एक जाड दार आणि एक कुलूप. मास्तर जमिनीवर बसला.

मग त्याने काय केलं? आधी वळवलेला फोन सोडवला. आता त्याचा काय उपयोग, पण सोडवला. मग ती यादी पुसायला बोट पुढे नेलं. एक बटण दाबलं की यादी गेली असती, जगात कुणाला कळलं नसतं. बोट तसंच राहिलं. शेवटी त्याने नऊही फोनांच्या वेळा एका कागदावर उतरवून घेतल्या, कागद खिशात घातला, आणि मूग गिळून बसला. पुसायची हिंमत नाही आणि सांगायचीही नाही. भित्रा होता का? होता. तुम्ही-आम्ही असतो तर काय मोठे दिवे लावले असते?

महिना गेला. काका रजेवर. त्यांच्या जागी बसलेला माणूस लोकांवर खेकसायचा. मास्तर डबा घेऊन जिन्यावर बसायचा आणि न उघडता परत न्यायचा. काकांकडे तो दर आठवड्याला जात होता आणि दर वेळी तोंड शिवून परत येत होता.

एके दिवशी काकांच्या लेकीचा फोन आला. ती लग्न होऊन लांब, दुसऱ्या देशात. "दादा, तुम्ही बाबांच्या जवळचे म्हणून सांगते. बाबा जेवत नाहीत. शेजारच्या म्हणतात, ताट ठेवलं की तसंच. सारखं एकच धरून बसलेत."

"काय?"

"त्या दिवशी सकाळी दोघांचं वाजलं होतं. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, बाबांना रजा नव्हती. बाबा म्हणाले, ऊठसूट फोन करत जाऊ नकोस, आज मला तुझा एकही फोन नकोय. मग आईने केलाच नाही. छातीत दुखत असताना नाही केला. बाबा म्हणतात, मीच मारलं तिला. माझं त्या एकाच दिवशी ऐकलं तिने. दादा, ते असेच राहिले तर वर्ष काढणार नाहीत हो."

मास्तरने फोन ठेवला. काळजात चर्र होणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. आपल्या चुकीखाली काका चिरडले जात होते, आणि चूक त्यांची समजून. आता गप्प राहणं म्हणजे दुसऱ्यांदा मारणं. नोकरी जाऊ दे, काका तोंड बघणार नाहीत तर न बघोत.

रविवारी सकाळी तो गेला. काका खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली, सदरा खांद्यावरून लोंबत होता. टेबलावर दुधाचा पेला, वर साय धरलेली. मास्तरने खिशातून कागद काढला. घड्या पडून पडून तो मऊ झाला होता.

"काका, हे वाचा."

काकांनी चष्मा शोधला, लावला. "दोन बारा. दोन सोळा. दोन एकोणीस... काय आहे हे?"

"त्या दिवशी काकूंनी केलेले फोन. तुम्हाला. नऊ वेळा."

काकांनी बोट ठेवून नऊ ओळी मोजल्या. मग त्यांचे ओठ थरथरले, आणि मास्तरला वाटलं ते रडतायत, पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी, आणि हसत होते. "केला होता? नऊ वेळा? बघ, ऐकलं नाही तिने माझं! करू नको म्हटलं तर नऊ वेळा केला! अरे, चाळीस वर्षांत एकदा तरी ऐकलंय का तिने माझं?"

मास्तरला वाटलं, इथेच थांबावं, उठून जावं. पण काकांचं हसू विरलं आणि तो प्रश्न आलाच.

"मग मला का नाही आला?"

त्याने सांगितलं. वळवलेला फोन, चाचणी, वरून आलेला निरोप, कुलूप. स्वतःची चूक कुठे झाकली नाही, स्वतःला कुठे सावरून घेतलं नाही. काका उठले. महिनाभर न जेवलेला माणूस, पण त्याने मास्तरची कॉलर धरून त्याला उभा केला.

"दोन मिनिटांचं काम होतं म्हणतोस?"

"हो."

"दोन मिनिटांचं?"

"हो, काका."

"काका म्हणू नकोस मला." त्यांनी कॉलर सोडली. "तू माझ्या ताटात जेवलास. चालता हो."

मास्तरने मान खाली घातली. शिव्या घातल्या असत्या, चार ठोसे दिले असते तर बरं झालं असतं. दाराशी जाऊन तो वहाणा घालायला वाकला, आणि मागून आवाज आला, "थांब."

काका पुन्हा खुर्चीत बसले होते. कागद मांडीवर. आवाज इतका बारीक झाला होता की मास्तरला दोन पावलं परत यावं लागलं.

"रांगेत असली की यंत्रातली बाई बोलते, थांबा म्हणून. ते तिला माहीत होतं. त्या दिवशी तर नुसतीच घंटी वाजत राहिली असेल. नऊ वेळा. सकाळी मी तसं बोललेलो." काकांनी मांडीवरचा कागद उचलला. "ते नवीन कायसं तू केलं होतंस, तिचा फोन म्हणजे मला वाजण्यावरूनच कळणार. हे तिला ठाऊक होतं का रे? तिला सांगितलं होतंस?"

महिनाभर मास्तरला नऊ फोन दिसत होते, कुलूप दिसत होतं. हे दिसलं नव्हतं. काकू एकेकदा बटण दाबतायत, तिकडे घंटी वाजतेय, आणि त्यांना पक्कं ठाऊक आहे की नवऱ्याला कळतंय, मीच आहे. कळतंय आणि तो उचलत नाहीये. मास्तरनेच तर हसत हसत सांगितलं होतं.

खरं बोलायला म्हणून तो आला होता. काका त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," मास्तर म्हणाला. "त्यांना काहीच सांगितलं नव्हतं."

"नक्की?"

"नक्की. उलट सकाळी मी त्यांना म्हणालो होतो, काकू, ऑफिसात फोनचं काम काढलंय, आज फोन नीट लागायचा नाही."

"पण घंटी ऐकू येत असेल ना तिला?"

"छे. असा वळवलेला फोन असला की तिकडे घंटी येतच नाही. टूं टूं येतं, बंद पडल्यासारखं." फोनच्या बाबतीत मास्तर जन्मात खोटं बोलला नव्हता. ही पहिली वेळ, आणि त्याचा आवाज हलला नाही.

"म्हणजे तिला वाटलं असेल, फोन बिघडलाय."

"हो."

"मी उचलत नाहीये, असं नाही."

"असं कसं वाटेल त्यांना? फोनवाल्याच्या नावाने बोटं मोडत असतील. माझ्या."

काकांनी डोळे मिटून घेतले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "जा. आणि पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस."

"नाही ठेवणार."

तो बाहेर आला, दार ओढून घेतलं. जिन्याच्या कठड्याला धरून तो उभा राहिला. यापुढे काका त्याच्या नावाने खडे फोडणार होते, ऑफिसात समोर आला तर तोंड फिरवणार होते, आणि ते काहीच नव्हतं. काकू शेवटची पस्तीस मिनिटं काय समजून गेल्या, हे आता जगात एकट्या त्याला माहीत होतं, आणि ते कुणाजवळ बोलायचीही सोय उरली नव्हती. बोललं की एक ना एक दिवस ते काकांच्या कानावर गेलं असतं.

दाराच्या आतून काकांचा आवाज येऊ लागला. लेकीला फोन लावला असणार. मोठ्याने, घाईघाईने बोलत होते.

"अगं, केला होता! तुझ्या आईने फोन केला होता मला. एकदा नाही, नऊ वेळा! त्या नालायकाने घोळ घातला, नंतर सांगतो तुला. नाही, नाही, घंटी नव्हती येत, तिला वाटलं फोन बंद पडलाय. हो गं, विचारलं मी, खोदून खोदून विचारलं." मग काका लहान मुलासारखे रडायला लागले. "नाही गं बाळा, माझ्यावर रागावून नाही गेली ती. नाही रागावली."

मास्तरने तोंडावर हात घट्ट दाबून धरला आणि आवाज न करता तो जिना उतरायला लागला.